जिभेखालची गोळी

प्रिय ठमे,

या नावानं हाक मारलेली तुला आता आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. ऑफिसात तुला सगळे मॅडम म्हणतात, तेही ठाऊक आहे. पण मॅडमना लिहायचं असतं तर मी अर्ज लिहिला असता, आणि गेल्या काही महिन्यांत अर्ज लिहून लिहून माझी बोटं झिजली. म्हणून ठमेच. फोन करावा तर तू दर खेपेला मीटिंगमध्ये. पत्राचं हे एक बरं असतं, त्याला मीटिंग आहे म्हणून सांगता येत नाही. लहानपणी माझं बोलणं ऐकायचीस तसं ऐक, तोंड वाकडं करत का होईना.

दुपारची सुट्टी झाली आहे आणि मी कारखान्यातच एका अर्ध्या उसवलेल्या सोफ्यावर बसून लिहिते आहे. एका दाताच्या डॉक्टरचे सोफे आलेत आमच्याकडे. बिचाऱ्या पेशंटांनी भीतीनं नखं रुतवून रुतवून हातांवरचं कापड पार फाडून टाकलंय. सुतारकाका म्हणतात, सोफ्याचा हात बघून सांगतो, इथे बसलेल्या माणसाची नुसती सफाई होती की दाढ उपटायची होती. काकांची आणि मालकांची नेहमीप्रमाणे जुंपली आहे. मालकांना स्प्रिंगा काढून स्वस्तातला फोम भरायचा आहे आणि काका म्हणतात, मग वर माझं नाव लावू नका. कुणाचंच नाव लावत नाही आपण, असं मालक म्हणाले. त्यावर काका दोन दिवस बोललेले नाहीत. एकूण सगळं ठीक चाललंय. माझी पाठही ठीक आहे. जड सोफे आता मी उचलत नाही, उचलणाऱ्यांना नावं ठेवते.

तुला आठवतं, चौथीत असताना तू माझ्यावर निबंध लिहिला होतास? 'माझी आई सोफे शिवते. ती दिवसभर तोंडात चुका ठेवते.' आणि तुमच्या बाईंनी लाल शाईनं खाली लिहिलं होतं, चुका तोंडात कशा ठेवतील, नीट लिही. बाईंना काय माहीत, की आमच्या धंद्यात त्या बारक्या खिळ्यांना चुका म्हणतात आणि एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात ताणलेलं कापड असलं की त्या ठेवायला तोंडावाचून जागा नसते. तू रडत घरी आलीस. मी दुसऱ्या दिवशी कामावर जाताना वाट वाकडी करून शाळेत गेले, बाईंसमोर मूठभर चुका तोंडात टाकल्या आणि एकेक ओठावर आणून दाखवली. बाईंनी तुला पैकीच्या पैकी गुण दिले, बहुतेक मला बाहेर घालवायला. तेव्हा तू माझं बोट धरून सगळ्या वर्गासमोरून चालली होतीस आणि तुझी मान अशी वर होती की मलाच हसू आलं. आता पिना मारायची बंदूक आली. चुका गेल्या, तोंड रिकामं झालं. माझ्यासारख्या बाईचं तोंड रिकामं राहणं बरं नव्हे, म्हणून देवानं त्यात गोळी घातली असावी.

गोळीचं तुला नव्यानं काय सांगू, पहिल्या दिवशी तूच समोर बसली होतीस. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत गिळायची नाही, चघळायची नाही आणि बोलायचं नाही. डॉक्टरबाई हे सांगत होत्या तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काय भाव होता! जिच्या तोंडात तीळ भिजत नाही तिच्या तोंडात गोळी कशी विरघळणार, हेच ना? विरघळते. रोज सकाळी कारखान्यात आल्या आल्या मी ती ठेवते आणि तेवढा वेळ अख्खा कारखाना मजा करून घेतो. मालक नेमकी तेव्हाच वाईट बातमी देतात. या रविवारी यावं लागेल, असं म्हणतात आणि मी डोळे वटारण्यापलीकडे काही करू शकत नाही. काका मुद्दाम विनोद सांगतात. इथे सगळ्यांना माहीत आहे ती गोळी कशाची आहे. मी लपवली नाही. मालक स्वतः रोज ब्लडप्रेशरची गोळी घेतात, गेली कित्येक वर्षं, आणि त्यांना कुणी विचारत नाही की साहेब, तुमची कधी सुटणार.

तू मात्र विचारतेस. दर फोनला, जेवलीस का नंतर, हळूच. 'सुटली का गं?' मला वाटतं, तुला स्वतःलाही कळत नाही तू किती वेळा विचारतेस ते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं तुला वाटतं. तसं नाही, ठमे. हत्ती दारातच उभा आहे. गोळी आहे म्हणून तो आत येत नाही.

तो आला कसा, हे मी आज पुन्हा एकदा लिहून ठेवते, कारण लोक ते सोयीस्कर विसरतात. मी मजा म्हणून काही घेतलं नव्हतं. तीन माणसांचा सोफा जिन्यावरून उतरवताना काकांचा पाय सुटला आणि सगळं वजन माझ्या पाठीवर आलं. ऑपरेशन झालं. शिकलेल्या डॉक्टरांनी, पांढऱ्या कोटात उभं राहून, दुखणं थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि तू आता काम करतेस त्या विमा कंपनीनं त्यांचं बिल एका शब्दानं न विचारता भरलं. महिनोन् महिने भरलं. तेव्हा कुणी फोन करून विचारलं नाही की बाई, अजून घेताय का. दुखणं थांबलं तेव्हा गोळ्या थांबवल्या, पण माझं शरीर थांबेना. त्यानंतर मी काय काय केलं, कुणाकुणाकडून काय आणलं, तुला किती रडवलं, ते तू पाहिलंस. त्याची माफी मी तुझ्याकडे मागितली आहे आणि तू दिली आहेस. आता पुन्हा मागणार नाही. एकाच गोष्टीची माफी रोज मागायची म्हणजे तेही एक व्यसनच.

आणि त्या दिवसांत तू काय केलंस तेही लिहिते, कारण ते तू कधी कुणाला सांगत नाहीस. तुझे बाबा असते तर दोघं मिळून सांभाळली असतीत मला, पण ते जाऊन किती वर्षं झाली होती. तू एकटी होतीस. नोकरी शोधायच्या वयात तू आईला आंघोळ घातलीस. ही जिभेखालची गोळी जिथे मिळते तो दवाखाना तूच शोधलास. तिथल्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसून राहायचीस, ओळखीचं कुणी दिसलं तर पदरासारखी पुढे यायचीस, मला झाकायला. तेव्हा ते बरं वाटायचं. आज तू तेच करते आहेस आणि आज मला गुदमरायला होतंय.

आता त्या फोनचं. तू त्याच्याबद्दल बोलू देत नाहीस, म्हणून लिहून सांगते, नीट, पहिल्यापासून.

सकाळची वेळ, गोळी नुकती जिभेखाली गेलेली. फोन वाजला. एक मुलगी, आवाज गोड, तुमच्या विमा कंपनीतून बोलते म्हणाली. माझ्या मनात आलं, तुझ्याच ऑफिसातली असणार, तुला ओळखत असेल, म्हणून फोन ठेवला नाही. नाहीतर तुला माहीत आहे मी अशा फोनांचं काय करते. तिनं नाव विचारलं, मी हुंकार दिला. पत्ता तोच का, हुंकार. मग ती वाचून दाखवावं तशी म्हणाली, 'आपलं अवलंबित्व अजून आहे का?'

ठमे, मालकांनी काढून दिलेल्या माझ्या पॉलिसीत माझ्या नावाखाली इतकी वर्षं एकच रकाना होता. अवलंबित व्यक्ती. तिथे तुझं नाव असायचं. तुला नोकरी लागली, तीही त्याच कंपनीत, तेव्हा ते नाव काढायला मी स्वतः गेले होते. मालक म्हणाले, राहू दे की, काय बिघडतंय. मी म्हटलं, नाही, माझी मुलगी आता कुणावर अवलंबून नाही. त्या दिवशी मी नवी चप्पल घातली होती. तर त्या मुलीनं असं विचारल्यावर मला वाटलं, ते नाव अजून काढलेलं दिसत नाही. तोंडात गोळी, उलट विचारता येईना, समजावून सांगता येईना. मी जिभेखालून कसंबसं म्हटलं, 'नाही.' ती म्हणाली, 'पूर्णपणे नाही?' मी जोरात म्हटलं, 'नाही.' त्यावर ती पोर म्हणाली, 'अभिनंदन.'

मला केवढा आनंद झाला! म्हटलं किती गुणाची मुलगी, दुसऱ्याच्या लेकीच्या नोकरीचं कौतुक करते. गोळी विरघळल्याबरोबर मी काकांना सांगितलंसुद्धा.

पुढच्या महिन्यात औषधांच्या दुकानातल्या माणसानं चिठ्ठी परत केली. कंपनी पैसे देत नाही म्हणाला. कारण विचारलं तर त्यानं पडद्यावर वाचून सांगितलं, रुग्णानं स्वतः कळवल्याप्रमाणे अवलंबित्व संपुष्टात आले आहे. म्हणजे औषध तोंडात होतं म्हणून मला बोलता आलं नाही, आणि मी बोलले नाही म्हणून तोंडातलं औषध गेलं. मी तिथेच हसायला लागले. दुकानदाराला वाटलं, बाई गेली कामातून.

हसू फार टिकलं नाही. घरात होत्या त्या गोळ्या मी अर्ध्या करून घ्यायला लागले, शहाणपणा करून, डॉक्टरबाईंना न विचारता. तू असं कधी कुणाला करू देऊ नकोस. आधी नुसत्या जांभया आणि शिंका. मग पायांत वळवळ, एका जागी बसवेना. मग थंडी, आणि त्यातच घाम. कापड ताणून धरलं की हात थरथरायचे आणि पीन भलतीकडेच जायची. काकांनी काही न बोलता माझ्या हातातून बंदूक काढून घेतली. पण मला त्याची भीती वाटली नाही, शरीराचे भोग मी ओळखते. भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. बसमधून येताना मी जुन्या थांब्यावर उतरले. ज्या गल्लीत तेव्हा मला हवं ते मिळायचं, त्या गल्लीच्या थांब्यावर. उतरायचं असं काही ठरवलं नव्हतं, पायच उतरले. मी तिथे उभी राहिले आणि दुसऱ्या बसनं थेट डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी दवाखान्याच्या साठ्यातून मला गोळ्या दिल्या, आजही तिथूनच मिळतात, आणि खूप रागावल्या. त्या साठ्यावर किती जणांचे डोळे लागलेत हे त्या बाकड्यावर बसणाऱ्याला माहीत असतं, म्हणून ते रागावणं मी खाली मान घालून ऐकलं. मान खाली घातली ती तेवढी एकदाच.

मग मी तुमच्या कंपनीला कळवलं, की चुकून नाही म्हटलं गेलं, हो आहे, मला औषध लागतं. मला वाटलं, झालं, मिटलं. कसलं मिटतंय! उत्तर आलं की इतकं औषध घेऊनही अवलंबित्व कायम असेल, तर त्याचा उपयोग होत नाही असं दिसतं, सबब पुढचा खर्च देता येणार नाही. द्यायचाच झाला, तर अमुक मुदतीत औषध बंद करण्याचा आराखडा सादर करावा. म्हणजे आजार नाही म्हटलं तर औषध कशाला, आणि आहे म्हटलं तर औषधाचा उपयोग काय! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चष्मा लावून दिसतं, म्हणून चष्मा काढून घ्यायचा, आणि चष्मा काढल्यावर दिसत नाही, म्हणून चष्म्यालाच खोटं पाडायचं. हे लिहिणारा माणूस चष्मा लावत असेल, याची मला खात्री आहे.

आराखडा मी दिला नाही. देणारही नाही, त्याऐवजी अपील केलं. का, ते ड्रायव्हरकडे बघून तुला कळायला हवं. आठवतो ना तो? बाकड्याच्या टोकाला बसायचा, मोठ्या गाड्या चालवायचा, आणि तुला बघून म्हणायचा, चला, आमचे पोलीस आले. त्याला तुमच्या कंपनीनं असाच आराखडा करायला लावला होता. त्यानं केला. शिस्तीचा माणूस, सांगितलं तसं औषध कमी करत करत बंद केलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना बिस्किटं वाटली आणि म्हणाला, मी सुटलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. काही आठवड्यांनी पाठ धरली, कुणीतरी काही दिलं, आणि त्यानं सवयीनं जुन्या हिशेबानं घेतलं. शरीर आता तेवढं पेलणारं राहिलं नव्हतं, त्यातच तो गेला. त्याची बायको परवा दवाखान्यात त्याचे राहिलेले कागद न्यायला आली होती. ती मला म्हणाली, कंपनीच्या कागदावर तो अजून बरा झालेल्यांत आहे हो. तुला हे फोनवर सांगितलं तेव्हा तू मीटिंग आहे म्हणालीस.

तुझं म्हणणं मी ऐकलंच नाही असं समजू नकोस. तू म्हणालीस, आई, अपील मागे घे, औषध मी दर महिन्याला माझ्या पगारातून आणून देते, कंपनीच्या कागदावर तुझं अवलंबित्व संपलंय तर संपू दे, उलट बरंच झालं, तुझ्या नावावरचा डाग गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी माया मला कळते गं. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तुझ्या पगारातून माझं औषध येईल. दवाखान्यात माझ्या शेजारी जी नर्स बसते, तिला मुलगी नाही. जो पोरगेला स्वयंपाकी बसतो, त्याच्या घरचे त्याचं नाव काढत नाहीत. त्यांना कुणाचा पगार? आणि डाग म्हणशील, तर तो माझ्या नावावर मला कधी दिसलाच नाही. पाठ मोडली ती काम करताना मोडली. गोळ्या घेतल्या त्या लिहून दिलेल्या घेतल्या. त्यातून बाहेर आले ती औषधानं आले आणि रोज कामावर येते. तू डाग म्हणतेस ते मला पट्ट्यासारखं वाटतं, सोफ्याखाली मारतो तो. दिसायला ओबडधोबड असतो, पण त्याच्याच जोरावर वर माणूस बसतो.

मागच्या आठवड्यात अपिलाच्या तयारीसाठी तुमच्या कंपनीनं मला तो फोन ऐकवला. सगळं रेकॉर्ड करून ठेवतात ना. माझा आवाज ऐकून मलाच कसंतरी झालं, दाताच्या डॉक्टरकडून आलेल्या माणसासारखा. घरी येऊन मी तुला फोन केला आणि तावातावानं म्हटलं, असला शब्द घालतं कोण गं तुमच्याकडे? साधं व्यसन म्हणता येत नाही? चांगलं झोडपलं पाहिजे त्या माणसाला. मी आणखी चार शिव्या घातल्या. मग तू म्हणालीस, 'आई, तो शब्द मी घातलाय.'

मग तू सांगितलंस, की आधी तिथे व्यसन असंच होतं. अजून व्यसन आहे का, असा तो प्रश्न विचारला जायचा. तुझ्याकडे ते प्रश्न आले तेव्हा तू साहेबांशी भांडून तो शब्द काढायला लावलास. कारण तुझ्या डोळ्यांसमोर मी होते, की माझ्या आईला कुणी परक्या माणसानं फोनवर असं विचारू नये. मी फोन ठेवला आणि रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले. आपलेच दात, आपलेच ओठ. तू मला लागू नये म्हणून शब्दावर कापूस लावलास, आणि तो कापूसच माझ्या कानात गेला. व्यसन म्हणून विचारलं असतं ना, तर मी गोळी थुंकून उत्तर दिलं असतं.

पण रडून झाल्यावर मला राग आला, ठमे, आणि तो अजून गेलेला नाही. तुझ्यावर नव्हे, पूर्णपणे नव्हे. तू शब्द बदललास, खाली नियम तोच ठेवलास. मऊ शब्दात विचारायचं आणि जुन्याच पद्धतीनं काढून टाकायचं. वरचं कापड नवं, आत तोच कुजका फोम. तुला साहेबांशी भांडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. एका शब्दासाठी भांडलीस, मग मुदतीसाठी का नाही भांडलीस? तू आईला आंघोळ घातलेली मुलगी आहेस. तुझ्या ऑफिसात, त्या सगळ्या टेबलांवर, या आजाराबद्दल तुझ्याएवढं कुणाला काय माहीत आहे? आणि तूच तिथे असं बसतेस, जणू काही पुस्तकात वाचलंय.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. सोमवारी सुनावणी आहे. कमिटीसमोर तुझे साहेब कंपनीची बाजू मांडणार आणि ते प्रश्न तू तयार केलेस म्हणून तू त्यांच्या शेजारी बसणार, हे मला काल कळलं, डॉक्टरबाईंकडून, तुझ्याकडून नव्हे. रात्री तुझा फोन आला तेव्हा वाटलं, तेच सांगायला केलास. पण तू सांगितलंस वेगळंच. सुरुवातीला ते प्रत्येकाला विचारतात, या कंपनीत तुमचं कुणी जवळचं नातेवाईक काम करतं का. तू म्हणालीस, 'आई, बाकी तुला हवं ते बोल. एवढ्या एका प्रश्नाला नाही म्हण.' मी हो-नाही काही न बोलता फोन ठेवला, म्हणून हे पत्र. हाती पोचवायला काका येतील, ते आत्ताच हात धुऊन उभे आहेत. मी हो म्हणणार आहे. कोण विचारतील, मी मुलगी म्हणेन. कुठे विचारतील, तर तू जिथे बसली असशील तिथे बोट दाखवेन. खोलीतले सगळे तुझ्याकडे वळून बघतील, ते तुला अचानक होऊ नये, एवढ्याचसाठी आधी कळवते. नात्यातलं प्रकरण म्हणून साहेब तुला तिथून उठवतील, आधी का सांगितलं नाहीस असंही विचारतील, त्याचं उत्तर तुझं तू दे. नकोच असेल तर सोमवारी सुट्टी घे, मी रागावणार नाही. पण आलीस तर मान वर करून बस. औषध मिळो नाहीतर न मिळो, ठमे, मला मुलगी नाही असं मी कुठल्याच कमिटीसमोर म्हणायची नाही.

कुणापुढे न वाकणारी, पण तुझीच,
आई